नापीक वाळूत चरबी पिकवणारं झुडूप: नॉर्दर्न बेबेरी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत लाँग आयलंड आहे. तिथल्या ब्रूकहेवन नावाच्या गावाने १६८७ साली एक नियम केला: १५ सप्टेंबरच्या आत कुणीही बेबेरीची फळं तोडायची नाहीत, तोडली तर १५ शिलिंग दंड. आता गंमत बघा. ही फळं कुणी खात नाही. व्यास जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर, आत सगळा बाठाच, गर म्हणावा असा काही नाहीच. तरी गावाला त्यासाठी दंड ठरवावा लागला, कारण त्या फळांच्या बाहेरून मेणाचा जाड थर असतो आणि हिवाळ्यातल्या लांबच लांब रात्रींसाठी मेणबत्त्या त्यातूनच व्हायच्या. शेजाऱ्याच्या आधी आपण हात मारावा म्हणून लोक कच्ची फळं ओरबाडायला लागले की मेणही कमी मिळतं आणि पुढचे दोन महिने सगळ्यांच्याच घरात अंधार.

ते फळ हातात घेतलं तर पहिल्यांदा राखाडी-पांढरा, खरबरीत मणी दिसतो. भिंगाखाली पाहिलं की कळतं, फळाच्या सालीवर बारीक बारीक उंचवटे आहेत आणि त्यांच्या भोवती मेणाचे कण खच्चून बसले आहेत. दोन बोटांत चोळलं तर थर सुटतो, बोटं तेलकट होतात, एक राळेसारखा मसालेदार वास येतो आणि खालून गडद रंगाचा कठीण बाठा उघडा पडतो.

या झुडपाचं शास्त्रीय नाव मोरेला पेनसिल्व्हॅनिका. जुन्या पुस्तकांत ते मिरिका पेनसिल्व्हॅनिका म्हणून सापडेल, दोन्ही एकच. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडपासून खाली नॉर्थ कॅरोलायनापर्यंत अटलांटिकच्या किनाऱ्याने ते वाढतं, आणि आत ग्रेट लेक्सच्या काठीही तुरळक भेटतं. उंची साधारण दीड ते तीन मीटर, घेरही तेवढाच. पानं लांबट, चकचकीत, चुरगळली की सुगंध येणारी, कारण त्यांच्यावर राळेचे सूक्ष्म ठिपके असतात. थंडी कडक असेल तिथे पानं गळतात, सौम्य असेल तिथे बरीचशी झाडावरच टिकतात. हिमालयातलं कायफळ याच कुळातलं, आणि चीनमध्ये आवडीने खाल्लं जाणारं यांगमेई हे लालबुंद फळही. पण त्या दोघांचं फळ रसाळ. मेणाच्या बाबतीत नॉर्दर्न बेबेरीच्या खरोखर जवळचं म्हणायचं तर अमेरिकेच्या दक्षिणेकडचं वॅक्स मर्टल, म्हणजे मोरेला सेरिफेरा. ते सदाहरित असतं आणि उंचीला जास्त. जुन्या लेखनात या दोघांची सर्रास सरमिसळ झालेली दिसते, त्यामुळे 'बेबेरी' असं नुसतं लिहिलेलं वाचलं की ते कोणत्या भागाबद्दल आहे हे आधी पाहावं.

मेण म्हणतात, पण मेण नव्हे

रसायनशास्त्राच्या हिशेबाने बेबेरीचं मेण हे मेण नाहीच. ती चरबी आहे. खरं मेण, उदाहरणार्थ मधमाशीचं, हे मुख्यतः लांब साखळीचं मेदाम्ल आणि लांब साखळीचं अल्कोहोल यांच्या जोडणीतून होतं. तेल, तूप, चरबी यांची घडण वेगळी: ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन मेदाम्लं चिकटलेली, म्हणजे ट्रायग्लिसराइड. बेबेरीच्या फळावर असतात ती ट्रायग्लिसराइडं, आणि त्यांच्यासोबत दोन किंवा एकच मेदाम्ल असलेली त्यांची भावंडं.

मग शेंगदाण्याचं तेल पातळ आणि हे टणक का? इथे मेदाम्लांचा आकार महत्त्वाचा. बेबेरीत जवळजवळ फक्त दोन मेदाम्लं असतात: १६ कार्बनचं पाल्मिटिक आणि १४ कार्बनचं मिरिस्टिक. (मिरिस्टिक जायफळाच्या चरबीतही भरपूर असतं.) दोन्ही पूर्णपणे संपृक्त, म्हणजे त्यांच्या साखळ्या सरळ. तेलातल्या असंपृक्त मेदाम्लांच्या साखळीला मध्येच बाक असतो. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बांधली जाते, वाकड्या फांद्यांची ढिली राहते, इथेही तसंच. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि घट्ट, ठिसूळ पदार्थ तयार होतो. त्याचा वितळणांक ४५ अंश सेल्सिअसच्या आगेमागे, मधमाशीच्या मेणाचा साठच्या वर. असंपृक्त मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी लवकर संयोग पावतात आणि तेल खवट होतं. इथे ती जवळपास नाहीतच, त्यामुळे फळं महिनोन्‌महिने फांदीवर उघडी राहिली तरी थर बिघडत नाही.

मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या जेफ्री सिम्प्सन आणि जॉन ओल्रॉग यांनी २०१६ साली या थराचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळलं की सुकलेल्या फळाच्या वजनात जवळपास ३२ टक्के वाटा या बाहेरच्या थराचा असतो. वनस्पतीच्या पृष्ठभागावर इतका मेद साठल्याची दुसरी नोंद नव्हती. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे तो तयार कसा होतो. बहुतेक वनस्पती तेल बियांच्या पेशींच्या आत बनवतात आणि तिथेच साठवतात. बेबेरी मात्र ते फळाच्या बाहेर, पृष्ठभागावर रचते. ज्या यंत्रणेने एरवी झाडं आपल्या पानाफळांवरचं क्युटिन नावाचं संरक्षक आवरण बनवतात, त्याच यंत्रणेला इथे चरबी बनवण्याच्या कामाला लावलेलं दिसतं. पिकांमध्ये तेल वाढवण्याच्या मागे असलेल्या संशोधकांना यात रस वाटतो तो यामुळेच: पेशीच्या आत जागा न अडवता मेद बाहेर साठवण्याचा एक तयार नमुना निसर्गात सापडला.

एवढी उधळपट्टी कुणासाठी?

नापीक वाळूत उभ्या असलेल्या झुडपाने फळाच्या वजनाचा एक तृतीयांश भाग चरबीवर खर्च करावा, हे पहिल्यांदा विचित्रच वाटतं. उत्तर आहे पक्षी. आणि त्यातही मोजके पक्षी.

यलो-रम्प्ड वॉर्ब्लर हा उत्तर अमेरिकेतला १२-१३ ग्रॅम वजनाचा कीटकभक्षी पक्षी. थंडी पडली की किडे संपतात, आणि त्याचे बहुतेक भाऊबंद दक्षिणेला दूर निघून जातात. हा मात्र अटलांटिक किनाऱ्यावर, काही ठिकाणी तर पार न्यू इंग्लंडपर्यंत, हिवाळा काढू शकतो. का, तर त्याला बेबेरीचं मेण पचतं. इतकी संपृक्त, कडक चरबी बहुतेक पक्ष्यांच्या पोटातून फारशी न पचताच बाहेर पडेल. अॅलन प्लेस आणि एडमंड स्टाइल्स यांनी १९९२ साली दाखवलं की हा पक्षी आणि ट्री स्वॅलो हा भिंगरी कुळातला पक्षी, दोघेही त्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग पचवतात. त्यांच्या पोटात पित्तक्षारांचं प्रमाण भरपूर असतं, अन्न सावकाश पुढे सरकतं आणि आतड्यातला माल पुन्हा मागे पेषणीत, म्हणजे अन्न दळणाऱ्या स्नायूंच्या पिशवीत, येऊन घुसळला जातो. पचन संपलं की राहतो तो मेण उतरलेला स्वच्छ बाठा, आणि तो कुठेतरी लांब जाऊन पडतो. झुडपाचं काम झालं.

आता मला यातला जो भाग सगळ्यात आवडतो तो सांगतो. चरबीत असतं काय? कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. बस. नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. म्हणजे वाळूत ज्याचा दुष्काळ आहे त्यातलं काहीच तिच्यात जात नाही. लागतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊन, आणि किनाऱ्यावरच्या उघड्या माळावर उन्हाला तोटा नसतो. माझ्या मते बेबेरीची उधळपट्टी ही उधळपट्टी नाहीच. पक्ष्याची मजुरी तिने अशा मालात चुकती केली आहे, जो तिला जवळपास फुकट मिळतो. झुडपाच्या मुळाशी चालणारा दुसरा व्यवहारही याच हिशेबाचा आहे, पण त्याआधी मेणबत्त्यांचं बोलून घेऊ.

मेणबत्ती

युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांकडे उजेडाची सोय म्हणजे जनावरांच्या चरबीच्या बत्त्या. त्या मऊ पडायच्या, धूर करायच्या, आणि विझवल्या की घरभर जळक्या चरबीचा दर्प. मधमाशीचं मेण चांगलं, पण महाग. किनाऱ्यावरच्या झुडपांनी मधला मार्ग दिला. व्हर्जिनियात राहणाऱ्या रॉबर्ट बेव्हर्ली यांनी १७०५ साली लिहून ठेवलंय की या बत्त्या हाताला तेलकट लागत नाहीत, भर उन्हाळ्यातही वितळत नाहीत आणि विझल्या की इतका छान वास येतो की शौकीन मंडळी मुद्दाम त्या विझवतात.

शौकिनांचं हे वर्णन पुढे फार गाजलं, आणि बेबेरीची बत्ती म्हणजे श्रीमंती थाट असं चित्र तयार झालं. पण स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांचे शिष्य पेर काल्म १७४८ ते १७५१ या काळात अमेरिकेत फिरले, त्यांच्या नोंदी वेगळं सांगतात. ते म्हणतात, फळं गोळा करणं इतकं जिकिरीचं आहे की जनावराची चरबी मिळत असेल तर लोक या वाटेला जात नाहीत. या बत्त्या करतात ते झुडपांच्या आसपास राहणारे गरीब, ज्यांच्याकडे मारायला पुरेशी गुरं नाहीत. त्याच नोंदींत फिलाडेल्फियात हे मेण साध्या चरबीपेक्षा महाग आणि मधमाशीच्या मेणापेक्षा स्वस्त असल्याचंही येतं. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात. ज्याच्याकडे पैसा नाही पण घरात हात भरपूर आहेत त्याने स्वतः फळं तोडायची. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने ते कष्ट विकत घ्यायचे.

कष्ट किती, ते पाहा. फळं पिकतात सप्टेंबरच्या सुमारास आणि मग बराच काळ फांद्यांवर राहतात. ती येतात आदल्या वर्षीच्या लाकडावर, पानांच्या झुपक्याच्या खालच्या बाजूला, खोडाला अगदी चिकटून. मूठ फिरवून ओरपता येतात, पण घाई केली तर साल आणि पुढच्या कळ्याही सोबत येतात. काड्या-पानं निवडून फळं मोठ्या भांड्यात भरपूर पाण्यात घालायची आणि मंद उकळी आणायची. मेण सुटून वर तरंगतं, बाठे खाली बसतात. भांडं गार झालं की वर मळकट हिरव्या रंगाची चकती जमते. ती उचलायची, पुन्हा गरम पाण्यात वितळवायची, कापडातून गाळायची आणि परत गोठू द्यायची. दोनदा गाळलं की रंग उजळून फिकट करडा-हिरवा होतो. हे सगळं करताना मेण थेट आचेवर ठेवायचं नाही; शेवटी ती चरबी आहे, पेट घेते. गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यातच वितळवायचं.

मेण कमी असेल तर वात बुडवायला जुनी युक्ती आहे. उंच, अरुंद भांड्यात गरम पाणी घ्यायचं आणि वर वितळलेल्या मेणाचा थर ओतायचा. वात खाली पाण्यापर्यंत बुडवून वर काढली की जाताना-येताना मेणातून जाते आणि थोड्या मेणातही लांब बत्ती होते. प्रत्येक बुडीनंतर थर घट्ट होऊ द्यायचा. घाईने गार केली तर बत्तीला तडे जातात, कारण हे मेण मुळात ठिसूळ. म्हणून आजचे कारागीर त्यात थोडं मधमाशीचं मेण मिसळतात.

उताऱ्याबद्दल जुन्या लेखनात एकमत नाही. कुठे चार पौंड फळांना एक पौंड मेण असं दिलंय, कुठे पंधरा पौंडांना एक. फरक मोठा दिसतो, पण फळं ओली होती की वाळलेली, काड्या किती होत्या आणि उकळून किती मेण भांड्यालाच राहिलं, यावर सगळं अवलंबून. घरगुती भांड्यात प्रयोगशाळेतल्या ३२ टक्क्यांची अपेक्षा कुणी धरू नये.

अठराव्या शतकात देवमाशाच्या डोक्यातल्या स्पर्मासेटीच्या बत्त्या आल्या, एकोणिसाव्यात पॅराफिन आलं, आणि बेबेरी रोजच्या वापरातून गेली. उरली ती सणापुरती. ख्रिसमसच्या किंवा नववर्षाच्या आदल्या रात्री बेबेरीची बत्ती पूर्ण जळू दिली की वर्षभर घरात बरकत राहते, असा अमेरिकेत समज आहे. त्या दिवसांत दुकानांत 'बेबेरी' लिहिलेल्या बत्त्या दिसतात त्यातल्या बहुतेक पॅराफिनच्या असतात, वर वास आणि हिरवा रंग दिलेला. अस्सल हवी असेल तर घटकांच्या यादीत बेबेरी मेण असा स्पष्ट उल्लेख आणि त्याचं प्रमाण पाहायचं. शिवाय अस्सल मेण म्हणून मिळेल ते नॉर्दर्न बेबेरीचंच असेल असंही नाही; कोलंबियात मोरेला प्युबेसेन्स या तिच्याच नात्यातल्या झाडाचं मेण काढण्याची जुनी परंपरा आहे.

मुळाशी काय चालतं

बेबेरीचं रोप हळुवारपणे उपटलं तर मुळांवर प्रवाळासारख्या फांद्या फुटलेल्या गाठी दिसतात. कडधान्यांच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्यात रायझोबियम असतो. बेबेरीच्या गाठीत राहतो फ्रँकिया, हा तंतूसारखा वाढणारा वेगळ्या गटातला जिवाणू. सुरूच्या झाडाच्या मुळांवरही फ्रँकियाच असतो, आणि तेही झाड वाळूत सुखाने वाढतं, हा योगायोग नाही.

हवेचा अठ्ठ्याहत्तर टक्के भाग नत्राचा, पण त्याचे दोन अणू इतके घट्ट बांधलेले की झाडाला त्याचा उपयोग शून्य. फ्रँकियाकडचं नायट्रोजिनेज नावाचं विकर ती जोडी फोडून अमोनिया तयार करतं. झाडाला खत मिळतं, बदल्यात जिवाणूला साखर. अडचण एकच: हे विकर ऑक्सिजनच्या संपर्कात आलं की निकामी होतं, आणि साखर जाळून शक्ती मिळवायला तर ऑक्सिजन हवाच. फ्रँकिया आपल्या नत्र बांधणाऱ्या पेशींभोवती मेदाच्या थरांचं वेष्टन घालून ऑक्सिजन आत येण्याचा वेग कमी करतो. बेबेरीच्या कुळात गाठींमधून बारीक मुळं निघून वरच्या दिशेने वाढतात. ओल्या, हवा न खेळणाऱ्या जमिनीत गाठीपर्यंत हवा पोचवण्यासाठी ही सोय असावी असं मानलं जातं.

हिशेब पुन्हा तोच. ऊन भरपूर, म्हणून साखर भरपूर. ती साखर मुळाशी देऊन नत्र विकत घ्यायचा आणि शेंड्याला तिचीच चरबी करून पक्ष्याला द्यायची.

याचा फायदा एकट्या झुडपाला होत नाही. नत्राने समृद्ध पानं गळून कुजतात आणि वाळूत हळूहळू माती तयार व्हायला लागते. अटलांटिक किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर सगळ्यात पुढे, समुद्राच्या तोंडावर टिकतं ते बीचग्रास हे गवत. त्याने वाळू थोडी अडवली की मागच्या ओळीत बेबेरी आणि बीच प्लम यांसारखी झुडपं येतात. बेबेरी मुळांतून फुटवे काढत पसरते, त्यामुळे एका झुडपाची कालांतराने जाळी होते आणि वाळू धरली जाते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या केप मे इथल्या केंद्राने किनारा सावरण्याच्या कामासाठी 'वाइल्डवुड' नावाचा वाण याच कारणाने पुढे आणला. खारे वारे सोसण्याच्या या गुणामुळे, बर्फ वितळवायला मीठ टाकतात अशा थंड प्रदेशातल्या रस्त्यांच्या कडेलाही ती लावली जाते.

लागवड

पहिली गोष्ट नर-मादीची. बेबेरीत नर फुलं एका झुडपावर, मादी फुलं दुसऱ्यावर. पाकळ्या नाहीत, वास नाही; वसंतात पानांच्या आधी किंवा पानांसोबत छोटे तुऱ्यासारखे फुलोरे येतात आणि परागकण वारा नेतो. फळं फक्त मादीवर, तीही जवळपास नर असेल तरच. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. बियांपासून केलेलं रोप लहानपणी पाहून नर की मादी हे सांगता येत नाही, फुलायची वाट पाहावी लागते. ज्याला फळांची खात्री हवी त्याने छाट कलमांपासून केलेले, लिंग माहीत असलेले वाण घ्यावेत, किंवा मग बियांची सात-आठ रोपं एकत्र लावून नशिबावर सोडावं. अनेकांची तक्रार असते की झुडूप छान वाढलं पण फळ धरत नाही. त्यात दोष बहुतेक वेळा एकटेपणाचा असतो, खतापाण्याचा नाही.

बियांपासून रोप करायचं तर मेण काढावंच लागतं. तो थर पाणी आत शिरू देत नाही. फळं तारेच्या जाळीवर घासली की मेण उतरतं. मग बी थेट शरद ऋतूत बाहेर पेरावं, म्हणजे हिवाळा आपलं काम करतो. नाहीतर ओलसर वाळूत मिसळून फ्रिजमध्ये सुमारे तीन महिने ठेवावं. या थंडीशिवाय उगवण नीट होत नाही. रुजताना कुंडीत एखाद्या जुन्या बेबेरीखालची मूठभर माती मिसळली तर फ्रँकिया आपोआप मिळतो, कारण निर्जंतुक मिश्रणात वाढवलेल्या रोपाला तो भेटेलच असं नाही. फुटवे खणून लावणं त्यामानाने सोपं, आणि आईचं लिंग माहीत असेल तर फुटव्याचंही तेच.

जागा उन्हाची. थोडी सावली चालते, पण फळ कमी. वाळू, मुरूम, ओलसर दलदलीचा काठ, सगळीकडे ती तग धरते. चालत नाही ती चुनखडीची जमीन. सामू आम्लधर्मी हवा. तो वर गेला की पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. याला लोहाची कमतरता कारण असते आणि नत्राचं खत देऊन ती जात नाही. नत्राचं खत तसंही द्यायचं नाही. आयता नत्र मिळाला की झाड गाठींवरचा खर्च कमी करतं, म्हणजे आपण पैसे घालून त्याचा सगळ्यात कामाचा गुण बंद पाडायचा. पहिली एक-दोन वर्षं पाणी द्यावं, पुढे कडक उन्हाळा सोडला तर तीही गरज नसते. हरणं फारशी तोंड लावत नाहीत, कीड-रोग थोडे. थंडी मात्र हवी. उष्ण कटिबंधात हौसेने लावून पाहण्याचं हे झुडूप नाही.

दोन झुडपांत दीड-दोन मीटर अंतर ठेवलं तर काही वर्षांत सलग कुंपण होतं. छाटणी हिवाळा संपता संपता करावी. फुलं आदल्या वर्षीच्या फांद्यांवर येत असल्यामुळे सगळ्याच फांद्या कापल्या तर त्या वर्षीचं फळ गेलं. म्हणून दरवर्षी जुन्यातले दोन-चार बुंधे जमिनीलगत काढायचे आणि बाकी ठेवायचे. पसरणं नको असेल तर फुटवे दरवर्षी कापावे लागतील, आणि या कामाचा कंटाळा असेल तर लहान बागेत ती लावूच नये.

औषध आणि स्वयंपाक

पानं काही जण तमालपत्रासारखी रश्श्यात घालतात. वास वेगळा, राळेकडे झुकणारा. शिजवून काढून टाकायची पानं म्हणून ठीक. औषधाबद्दल मात्र जपून. न्यू हॅम्पशायरमधल्या सॅम्युएल थॉमसन (१७६९ ते १८४३) यांनी आपल्या वनौषधी पद्धतीत बेबेरीच्या मुळाच्या सालीला मोठं स्थान दिलं होतं. घाम आणणारी, स्तंभक, जुलाबावरची अशी तिची ख्याती झाली. ती साल मुख्यतः दक्षिणेकडच्या वॅक्स मर्टलची. सालीत टॅनिन भरपूर असल्यामुळे स्तंभक गुण खरा आहे, पण त्यातून मिरिकाडिऑल नावाचं द्रव्यही वेगळं केलं गेलंय आणि शरीरातल्या क्षारांच्या समतोलावर परिणाम करण्याचा गुण त्यात दिसला आहे. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा गर्भारपण यांतलं काही असेल तर हा प्रयोग नकोच.

मूळ प्रदेशाबाहेर

हवाईमध्ये काय झालं ते माहीत असलेलं बरं. अझोर्स, मदीरा, कॅनरी या बेटांवरचं मोरेला फाया हे बेबेरीच्याच मोरेला गटातलं झाड पोर्तुगीज स्थलांतरितांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे नेलं. ज्वालामुखीच्या नव्या लाव्ह्यावर नत्र जवळपास नसतो, आणि तिथली मूळची झाडं त्या अभावालाच सरावलेली. फायाने मुळांतल्या फ्रँकियाच्या जोरावर तिथे झपाट्याने पाय पसरले. पीटर व्हिटूसेक आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं की हे झाड जिथे शिरलं तिथे जमिनीत येणाऱ्या नत्राचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं. जमीन सुधारली असं वाटेल, पण अशा वाढीव नत्राचा फायदा बाहेरून आलेल्या इतर वनस्पतींनाही मिळतो आणि कमी खाऊन जगणारी स्थानिक झाडं मागे पडतात.

नॉर्दर्न बेबेरी आपल्या किनाऱ्यावर जे गुण दाखवते, नापीक जमिनीत टिकणं, नत्र बांधणं, पक्ष्यांकरवी दूर पसरणं, फुटव्यांनी जाळी करणं, तेच गुण परक्या जागी तणाचे होऊ शकतात. त्यामुळे तिच्या मूळ पट्ट्याबाहेर कुणाला वाळू धरायला झुडूप हवं असेल तर त्याने आधी तिथल्याच मातीत आपसूक वाढणारं शोधावं. रोपवाटिकेत गेल्यावर 'हे इथलं आहे का' हे विचारून घ्यायचं, मग 'नर की मादी'.